खंडूअण्णा आणि राणीचा खुराक

आमच्या खंडूअण्णांना सकाळी भेटायचं तर आधी जीभ बाहेर काढावी लागते. नमस्कार नंतर. जिन्यात गाठून ते लाकडी चमच्याच्या टोकावरचं काहीतरी पांढरट, आंबट, घशाला चरचरणारं जिभेवर ठेवतात आणि लगेच परीक्षा घेतात: "परवा रात्री काय जेवलास?" मी अडखळलो की त्यांना कोण आनंद! मेंदूला खुराक नाही म्हणे. उद्यापासून स्वल्प वाढवायचा.

हा खुराक म्हणजे रॉयल जेली. मी पुण्याचा, नोकरी बंगळूरात बेळ्ळंदूरला आणि तिथेच बनशंकरीत अण्णांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू, त्यामुळे सुटका नाही. अण्णांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या बोलण्यात 'सरी' म्हणजे ठीक नि 'स्वल्प' म्हणजे थोडं, हे कन्नड शब्द इतके मुरलेत की हे शब्द मराठी नाहीत असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याच मराठीवर शंका घेतली.

जेलीचा विषय निघाला की अण्णा खुर्चीत बसूच शकत नाहीत. राणीमाशी आणि कामकरी माशी, दोघींची अंडी सारखीच. पण राणी व्हायची तिला शेवटपर्यंत ही जेली भरवतात आणि बाकीच्यांना दोन-तीन दिवसांत मध-परागावर आणून बसवतात. कामकरी काही आठवड्यांत संपते, राणी वर्षानुवर्षं राज्य करते. "फरक कशाचा? नुसत्या जेवणाचा!" असं म्हणून ते टेबलावर थाप मारतात. देवनहळ्ळीजवळचा एक मधमाशीवाला त्यांना ताजी जेली देतो. ती बर्फाच्या थर्मासमध्ये घालून अण्णा बसने आणतात. येताना अर्ध्या बसला राणीमाशीचं चरित्र पाठ झालेलं असतं.

मी आपलं थोडं वाचून त्यांना सांगितलं, की अण्णा, या जेलीतलं ते खास मेदाम्ल, ती प्रथिनं, सगळं खरं. मेंदूच्या पेशींना त्याचा उपयोग होईल अशी आशाही आहे. पण प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. माणसांबद्दल छातीठोकपणे कुणी सांगत नाही.

"उंदरांचं भलं होतंय ना? मग आपण काय पाप केलं?" अण्णा म्हणाले. कपाळ माझं!

एकदा त्यांचा फ्रिज बिघडला म्हणून बाटली आमच्याकडे ठेवली होती. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी ती कोल्ड क्रीम समजून गालांना चोपडली. मला वाटलं, आता अण्णा घर डोक्यावर घेणार. पण अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, थोडी खरवडून घेता येईल का. सासूबाई अजून हसतात. मलाही तेव्हा हसूच आलं होतं.

अण्णांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण, सोनाक्का. आई लवकर गेली, अण्णांना वाढवलं ते अक्कांनीच. आम्ही राहायला आलो तेव्हा "खंड्या, पंचा कुठं टाकलास?" अशी त्यांची सरबत्ती वरपर्यंत ऐकू यायची. अलीकडे मात्र त्या अण्णांशी कन्नडमध्ये बोलू लागल्या होत्या, हळू, अदबीने. मला वाटलं, ही मंडळी असंच सरमिसळ बोलतात. म्हणून कौतुकाने म्हणालो, अक्कांचं कन्नड काय गोड आहे हो!

अण्णांचा चेहराच उतरला. "आमच्यात कन्नड बाहेरच्यांशी बोलायचं रे," ते म्हणाले. "घरच्यांशी मराठी. ती कन्नडमध्ये बोलली म्हणजे मी कोण ते तिला कळलं नाही."

मला एकदम सगळा उलगडा झाला. जीव नुसता कळवळला. जेली आधी आमच्यावर चालवून बघायची, कुणाला बाधत नाही ना याची खात्री करायची, आणि मग अक्कांना द्यायची, असा सगळा तो बेत होता. डॉक्टरांनी अंगावर पुरळ उठतंय का बघा म्हणून बजावलं होतं. गुण येईल असं काही सांगितलं नव्हतं. पण अण्णांची आशा दांडगी. अक्का मराठीत खेकसल्या की ते धापा टाकत वर येत आणि मला सांगत: आज खंड्या म्हणाली!

गेल्या रविवारी डबा परत द्यायला खाली गेलो. अक्का हॉलमध्ये बसल्या होत्या. अण्णा चमचा घेऊन आत आले, तशा त्या लगबगीने उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "बन्नी, कूत्कोळ्ळी." या, बसा.

अण्णा चमचा माझ्या हातात देऊन समोरच्या खुर्चीत बसले, अगदी कडेवर, पाहुण्यासारखे. अक्कांनी कन्नडमध्ये चौकशी केली, कुठे राहता. जवळच, असं अण्णाही कन्नडमध्येच म्हणाले. कॉफी घेणार का? घेईन की. मग त्यांनी नाव विचारलं.

"खंडोजी," अण्णा म्हणाले.

अक्कांचा चेहरा एकदम फुलला. कन्नडमध्येच त्या म्हणाल्या, "अय्यो, माझ्या धाकट्या भावाचंही हेच नाव! बसा हं, येईलच तो इतक्यात."

अण्णांनी झटकन माझ्याकडे वळून बघितलं. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ऐकलंस?" ते कुजबुजले. "वाट बघतेय माझी!"