बिनबशीचं हॉटेल

बशीभाऊंनी दुकानातली सगळ्यात चांगली प्लेट आधी मऊ फडक्यात गुंडाळली, मग बायकोच्या शालीत गुंडाळली, मग कापडी पिशवीत ठेवली आणि ती पिशवी छातीशी धरून ते टॅक्सीत बसले. लग्न झाल्यावर मला घरी आणलंत तेव्हाही इतकं जपून आणलं नव्हतं, असं बायको म्हणाली. पुढच्या सीटवर बसलेला मेहुणा हसला. आज त्याला कशाचंही हसू येत होतं, कारण बाजी आपलीच आहे अशी त्याची खात्री होती.

बाजी अशी होती. चिनी मातीच्या भांड्यांचं ते दुकान बशीभाऊंच्या वडिलांनी काढलेलं. बाजारात त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. दुकान बश्यांचं म्हणून मालक बशीभाऊ, एवढा साधा हिशेब होता. पण अलीकडे गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं. लोक न फुटणाऱ्या प्लेटा घेत, नाहीतर कागदाच्या, ज्या धुवायच्याही नाहीत. दुकान माझ्या ताब्यात द्या, मी मोबाइलची कव्हरं विकतो, असा मेहुण्याने लकडा लावला होता आणि आता बायकोलाही ते पटायला लागलं होतं. शेवटी असं ठरलं की शहरातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलची ऑर्डर मिळवून दाखवली तर दुकान राहील, नाहीतर पुढच्या महिन्यापासून कव्हरं. त्या हॉटेलातले शेफ माल विकायला आलेल्यांना दारातही उभं करत नसत. मात्र जेवण संपत आलं की प्रत्येक टेबलापाशी स्वतः जाऊन कसं वाटलं ते विचारत. तेव्हा गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि शेफ आले की पिशवीतून प्लेट काढायची, ही युक्ती मेहुण्याचीच. दाजींच्या खर्चाने जेवायला मिळणार म्हणून त्याने ती मोठ्या मनाने दिली होती.

"आज काही उलटं करायचं नाही," बायकोने टॅक्सीतून उतरता उतरता बजावलं.

"मी कशाला उलटं करीन?"

"व्याह्यांच्या मांडीवर अख्खं जेवण कुणी पालथं केलं होतं?"

बशीभाऊंनी पिशवी आणखी घट्ट धरली. कुठेही जेवायला गेले की आधी ताट वर धरून तळाचा शिक्का वाचायचा आणि मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, ही त्यांची जुनी खोड होती. ताटात वाढलेलं आहे की नाही, हे त्या भरात त्यांच्या लक्षात राहत नसे.

आत इतका अंधार होता की बायकोला वाटलं वीज गेली आहे. वेटरने बशीभाऊंसाठी खुर्ची मागे ओढली, तेव्हा हा ती दुसऱ्या टेबलाला नेतोय असं समजून त्यांनी ती घट्ट धरून ठेवली. थोडी ओढाताण झाली. मग मेहुण्याने फोनवर पाहिलेल्या व्हिडिओंच्या जोरावर, अशा ठिकाणी बसवून देतात, असं त्यांना समजावलं. मेनू नव्हताच. शेफना जे वाटेल ते येणार आणि आपण ते खायचं, असं वेटर म्हणाला. आमच्या घरीही हीच पद्धत आहे, असं बायको म्हणाली, आणि तिला ते हॉटेल एकदम आपलंसं वाटायला लागलं.

पहिल्यांदा आले ते ओट्याला बसवतात तसे काळ्या फरशीचे तीन तुकडे. प्रत्येकावर मधोमध नखाएवढं हिरवं काहीतरी होतं. हा तुकडा टेबलाला चटका बसू नये म्हणून असेल आणि ताट मागून येत असेल, असं समजून बशीभाऊ हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. ताट काही येईना.

"हे काय आहे?" त्यांनी वेटरला विचारलं.

"ही आठवण आहे, सर."

"कुणाची?"

"ज्याची त्याची," वेटर नम्रपणे म्हणाला.

बायकोने तिची आठवण एका घासात संपवली आणि चव छान आहे, पण कसली ते कळलं नाही, असा निर्वाळा दिला. बशीभाऊंनी सवयीने फरशी उचलून खाली पाहिलं. शिक्का नव्हता. टिचकी मारली, तर नखच दुखलं. त्यांची आठवण घरंगळून मेहुण्याच्या बाजूला गेली आणि ती त्याने खाल्ली.

मग एका परातीत गरम गोटे आले. यातले तीनच खायचे आहेत, बाकीचे खरे दगड आहेत, आपले आपण ओळखा, असं सांगून वेटर बाजूला उभा राहिला. हे मी पाहिलंय, असं म्हणत मेहुण्याने सगळ्यांच्या आधी एक गोटा उचलला आणि कचकन चावला. त्या आवाजाने शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. बायकोने एकेक गोटा बोटाने दाबून पाहिला, एक मऊ लागला तो खाल्ला, आणि डोळे मिटून म्हणाली की इतकं चांगलं आपण जन्मात काही खाल्लं नाही. मेहुणा गालावर रुमाल दाबून बसला होता. त्याचा दात हलत होता. बशीभाऊंनी धसका घेऊन एकाही गोट्याला हात लावला नाही.

तिसरा पदार्थ आरशावर वाढून आला. बायकोने आधी केस नीट केले आणि मग खायला सुरुवात केली. बशीभाऊंना मात्र खाली आपलाच घाबरलेला चेहरा दिसत होता आणि त्याच्या कपाळावरची गुलाबी चटणी चमच्याने खरवडायचा त्यांना धीर होईना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. एका टेबलावर म्हातारं जोडपं डोळे मिटून डोलत होतं, दुसऱ्या टेबलावरचा एक जाडा गृहस्थ हे सगळं झाल्यावर जेवण कधी येणार असं वेटरला तिसऱ्यांदा विचारत होता. कुणापुढे फरशी होती, कुणापुढे झाडाचा ओंडका, कुणापुढे जुनी पाटी. गोल, पांढरं, कडेला रेघ असलेलं काही म्हणजे काही कुठेच दिसत नव्हतं.

"प्लेटा कुठं ठेवता तुम्ही?" त्यांनी वेटरला हळूच विचारलं.

"आमच्याकडे प्लेट नसते, सर."

"म्हणजे आज संपल्यात का?"

"एकही नाही, सर. कधीच नव्हती. प्लेट म्हणजे अन्नाचा तुरुंग, असं शेफ म्हणतात."

बशीभाऊंनी चमचा खाली ठेवला. आपण विकतो ती वस्तू लोकांना महाग वाटते, जड वाटते, इथवर त्यांनी सोसलं होतं. पण ती कुणाला तुरुंग वाटत असेल, ही कल्पना त्यांना कधी शिवली नव्हती. वडिलांनी उभ्या आयुष्यात काय केलं, तर तुरुंग विकले. पायाशी ठेवलेली पिशवी त्यांनी पायांनीच खुर्चीखाली सरकवली. मेहुण्याच्या चेहऱ्यावर दुखऱ्या दातासकट हसू फुटलं.

"दाजी, दुकानाचा रंग निळा करू या," तो म्हणाला. "कव्हरं निळ्यात उठून दिसतात."

"चला घरी," बशीभाऊ बायकोला म्हणाले.

"आता कुठं जाता? गोड राहिलंय. पैसे देणार ते देणारच ना?"

गोड काही कशात आलंच नाही. वेटर नुसताच एक भांडं आणि पळी घेऊन आला, आणि सगळ्यांनी उजव्या हाताची मूठ करून पुढे धरा, असं म्हणाला. मग त्याने प्रत्येकाच्या मुठीवर एकेक पांढरा गोळा ठेवला आणि त्यावर काळसर पाक ओतला. हे चाटून खायचं होतं. फरशी परवडली, निदान ती दगडाची तरी होती. आता हे लोक माणसालाच बशी करायला निघाले, हे बघून बशीभाऊ सुन्न झाले. मूठ पुढे धरून ते तसेच बसून राहिले. पाक मनगटावरून बाहीत उतरायला लागला.

नेमके तेव्हाच शेफ आले. दाढीवाले, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कसं वाटलं, असं त्यांनी विचारलं. बायको तोंड भरून कौतुक करत होती, मेहुणा दातावर बोट ठेवून तक्रार करत होता, आणि बशीभाऊंच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की वडिलांच्या दुकानासाठी आपण निदान प्लेट दाखवल्याशिवाय जायचं नाही. ते उठले. उजवी मूठ तशीच अधांतरी ठेवून त्यांनी डाव्या हाताने पिशवी ओढली, शाल सोडली, फडकं सोडलं आणि प्लेट वर काढली.

"ही बघा," ते म्हणाले. "तुरुंग म्हणा, काही म्हणा. पण एकदा टिचकी मारून आवाज ऐका."

शेफनी शिष्टाचार म्हणून प्लेट घ्यायला हात पुढे केला. समोरून हात आला की तो हातात घ्यायचा, हे बशीभाऊंच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी उजवा हात पुढे केला, त्यावरचा गोळा निसटला, तो झेलायला डावा हात गेला, आणि डाव्या हातात प्लेट होती हे त्यांना ती खाली पडल्यावर आठवलं.

आवाज मोठा सुरेख झाला. हॉटेलभर चमचे थांबले. बायकोचा हात तोंडावर गेला आणि त्या हातावरचा पाक तिच्या नाकाला लागला. बशीभाऊ खाली बसले. पोर असताना वडिलांनी पहिल्यांदा गल्ल्यावर बसवलं तेव्हापासून त्यांच्या हातून एक कपसुद्धा फुटला नव्हता. बाजारात ते हे अभिमानाने सांगत. आता ते गुडघ्यांवर रांगत तुकडे वेचत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेजारी कुणीतरी बसल्याची त्यांना जाणीव झाली. शेफही गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी एक तुकडा उचलला, दिव्याकडे धरला, उलटा केला, खालचा अर्धवट शिक्का वाचला आणि नखाने टिचकी मारली. मग वेटरच्या हातातली पळी घेऊन त्यांनी तुकड्यावर एक पांढरा गोळा ठेवला, पाक सोडला आणि तो उंच धरला. पाक तुटलेल्या कडेवरून थेंब थेंब खाली आला. म्हाताऱ्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. जाड्या गृहस्थाने, त्यात निदान जास्त मावतंय का, असं विचारलं.

"तुरुंग फुटला," शेफ अगदी हळू आवाजात म्हणाले. "असे आणखी आहेत तुमच्याकडे?"

"आमच्याकडे फुटलेलं काही नसतं," बशीभाऊ दुखावून म्हणाले. "तुम्ही कुणालाही विचारा."

"मला रोज लागतील. कडा घासून बोथट करून द्या. पण यंत्राने कापायचे नाहीत, हातातून पडूनच फुटले पाहिजेत. कापलेलं मला लगेच कळतं."

ऑर्डर मिळाली होती, दुकान राहिलं होतं, आणि तरी घरातलं कुणीतरी गेल्यासारखं बशीभाऊंना वाटत होतं. होय म्हणाली ती बायको. नाकाचा पाक पुसायच्या आत तिने भावसुद्धा ठरवून टाकला, आणि तोही अख्ख्या प्लेटेच्या दुप्पट.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार लावून बशीभाऊ एक प्लेट हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, बोटं सैल केली. प्लेट सुटली आणि दुसऱ्याच हाताने ती अर्ध्यावर झेलली. पुन्हा सोडली, पुन्हा झेलली. तिसऱ्यांदा तर त्यांनी पाय पुढे करून पावलावर झेलली. शेवटी बायकोने ती काढून घेतली, हात लांब केला आणि सोडून दिली. दुसरी सोडली. तिसरी थोडी वरून सोडली. लग्न झाल्यापासून या दुकानात तिला कुणी कशाला हात लावू दिला नव्हता. ती थांबायला तयारच नव्हती. दारामागे, पट्टी बांधलेल्या गालाने, मेहुणा तुकड्यांच्या कडा घासत बसला होता.

पंधरवड्यात दुकानातला माल संपला. बायकोचं काम वाढलं, खांदा दुखायला लागला, तेव्हा बशीभाऊंनी घाऊक व्यापाऱ्याकडून नवी पेटी मागवली. पेटी आली. त्यांनी पेंढा बाजूला करून एकेक प्लेट काढली, दोन्ही बाजूंनी पाहिली, टिचकी मारली. सगळी पेटी रिकामी करून झाल्यावर ते कपाळावर आठ्या घालून फोनपाशी गेले.

"बशीभाऊ बोलतोय," ते म्हणाले. "पेटी मिळाली. इतक्या वर्षांचा आपला व्यवहार, पण तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. एकही फुटलेली नाही."

पलीकडच्या व्यापाऱ्याने भांड्यांच्या धंद्यात केस पांढरे केले होते आणि फोनवर तक्रारीचा सूर ऐकला की पुढचं न ऐकताच काय बोलायचं, हे त्याच्या तोंडात बसलेलं होतं.

"माफ करा, बशीभाऊ," तो म्हणाला. "हमालाच्या पगारातून कापतो. पुढच्या वेळी असं होणार नाही."

बशीभाऊंचं समाधान झालं. त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला हाक मारली.