निर्दोष इंजिनाचं मानपत्र

एका जंगलात एक गाडी होती. एकच होती, म्हणून सगळे तिला नुसतं 'गाडी' म्हणत. आजारी आणि अडलेल्या प्राण्यांना घाटापलीकडच्या दवाखान्यात पोचवायचं, हे तिचं काम. ती चालवायची साळूबाई. साळूबाईच्या अंगभर काटे, त्यामुळे तिच्या शेजारी बसून कुणी गप्पा मारत नसे. म्हणून तिला इंजिन नीट ऐकू यायचं.

गेल्या वर्षी इंजिन घाटात धूर ओकत बंद पडलं. मागे बाळंतपणाला निघालेली टिकली हरणी होती. तिचं पहिलं पाडस त्या वाटेवरच गेलं. साळूबाईने तेव्हापासून घाटाकडे नीट पाहिलं नव्हतं.

मग वनराजांनी गजाभाऊ मिस्त्रींना बोलावलं. गजाभाऊंचं नाव मोठं, सोंड मोठी आणि हात सढळ. त्यांनी इंजिन पार खोललं, धुतलं, नवे भाग घातले आणि पुन्हा जुळवताना जोडांवर लाल पेस्ट लावली. तेल गळू नये म्हणून ती लावतात. दोऱ्याएवढी लावायची असते. गजाभाऊंनी श्रीखंड वाढावं तशी लावली.

"चिकटपणा आपल्या रक्तातच नाही," ते म्हणाले.

इंजिन सुरू झालं आणि लगेच त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात लिहिलं होतं, 'हे इंजिन निर्दोष आहे.' खाली वनराजांचा पंजा. गाडी अजून घाट चढायची होती, हे खरं. पण पाहुणे येऊन बसले होते, मुलांनो, आणि पाहुण्यांना ताटकळत ठेवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर गाडीला धाप लागली. समोरचा, इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा पेटला. पेशंटने उतरून गाडी ढकलली. वनराजांनी लगेच समिती नेमली.

आता थोडं शास्त्र ऐका. घाबरू नका, ते समितीलाही कळलं नव्हतं. इंजिनात हवा घ्यायला झडपा असतात. सपाटीवर त्या एका वेळी उघडतात, चढावर जरा लवकर. ही वेळ मागेपुढे करतो तेलाचा दाब. ते तेल एका छोट्या व्हॉल्व्हमधून जातं आणि त्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी चहाच्या गाळणीपेक्षा बारीक जाळी असते. जाळी तुंबली की झडपांची वेळ चुकते आणि गाडी चढावर रडते.

साळूबाईने तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. टोकाला लाल कण होता.

"पेस्टचा तुकडा सुटून जाळीत अडकलाय," ती समितीला म्हणाली. "व्हॉल्व्ह काढून साफ करू. वीस मिनिटांचं काम आहे."

समितीचे अध्यक्ष तरसोजी हसले. ते कशालाही हसत.

"बाई, इंजिन निर्दोष आहे. तसं लेखी आहे. तेव्हा दोष इंजिन सोडून कुठे आहे, ते समिती शोधेल."

समितीने शोधलं. एक सेन्सर बदलला, दिवा पेटलेलाच. दुसरा बदलला, तरी पेटलेलाच. गाडीचा कॉम्प्युटर बदलला. घाट मापून पाहिला, न जाणो चढ वाढला असेल. शेजारच्या जंगलातून बिघाड शोधणारा स्कॅनर आणला. तो म्हणाला, 'झडपांची वेळ चुकते आहे, तेल तपासा.' मानपत्राशी विसंगत बोलल्याबद्दल त्याला कपाटात ठेवण्यात आलं. शेवटी एका हुशार वानराने दिव्याचा बल्बच काढून घेतला. अहवाल आला, 'दोष नाहीसा झाला आहे.' वानरालाही शाल मिळाली.

आणि दिवस भरलेली टिकली पुन्हा गाडीत बसून दवाखान्याच्या वाटेला लागली.

"साळूबाई, या वेळी पोचेन ना मी?" तिने विचारलं.

साळूबाईने बॉनेट उघडलं, व्हॉल्व्ह काढला, स्वतःच्या पाठीचा एक बारीक काटा उपटला आणि जाळीतला लाल कचरा टोकरून काढला. बरोबर वीस मिनिटं लागली. गाडी तिसरं वळण अशी चढली की टिकलीला वळण आलं कधी नि गेलं कधी, कळलंच नाही. दवाखान्यात पाडस झालं. चार पायांवर उभं राहिलं. साळूबाई गाडीमागे जाऊन पोटभर रडली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिच्यामागे चौकशी लागली.

"तू व्हॉल्व्ह साफ केलास?" तरसोजींनी विचारलं.

"केला."

"म्हणजे तो तुंबला होता?"

"होता."

"मग वनराजांचं मानपत्र खोटं?"

साळूबाईने मानपत्रावरच्या पंजाकडे पाहिलं.

"शिवाय दिवा तर लागत नव्हता," तरसोजी म्हणाले. "न बिघडलेली गाडी तू दुरुस्त केलीसच कशी?"



निकाल लागला. इंजिन पूर्ववत करण्यासाठी गजाभाऊंना पुन्हा बोलावण्यात आलं. "मागच्या खेपेला पेस्ट कमीच पडली असणार," असं म्हणून त्यांनी दुप्पट लावली. गाडी वनराजांच्या भाच्याकडे गेली. त्याला इंजिन ऐकू यायचा प्रश्न नव्हता, तो मोठ्याने गाणी लावायचा. दुसरा सत्कार पहिल्यापेक्षा मोठा झाला. नारळाचं तबक धरायला साळूबाईला उभं केलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर भुरी सांबरीण हळूच तिच्याजवळ आली. तिला पुढच्या महिन्यात पिल्लू व्हायचं होतं.

"साळूबाई, गाडी घाट चढेल ना गं?"

"चढेल की," साळूबाई म्हणाली. "मानपत्रात तसं लिहिलंय."

मग तबक खाली ठेवून ती भुरीच्या कानाशी वाकली.

"पण तू आपली आजच चालायला लाग."

तात्पर्य : मुलांनो, कोणतंही इंजिन उघडण्यापूर्वी त्याचा सत्कार झाला आहे का, हे पाहावं. झाला असेल, तर बल्ब काढावा.