सोनूच्या न बोलण्याबाबतची उपसमिती

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये, हे चाकण पट्ट्यात शेंबडं पोरही जाणतं. (त्याला ते बोलून दाखवता येत असेल तर.) इथे बोल्ट बसवला म्हणून तो बसला असं होत नाही. बसवणाऱ्याने सही केली, तपासणाऱ्याने सही केली आणि मंजूर करणाऱ्याने त्या दोघांच्या सह्या बघून सही केली, की मग बोल्ट बसला. वर्षातून दोनदा ऑडिटर येतो, फाइल उघडतो, तीन सह्या मोजतो, कॅन्टीनमध्ये पनीर खातो आणि जातो. या पद्धतीवर लाखो गाड्या रस्त्यावर धावतात, आणि ज्या धावत नाहीत त्यांच्याही फाइली पूर्ण असतात.

मोशीच्या एका सात मजली सोसायटीत, जिथे दर दुसऱ्या दारात कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या क्वालिटी खात्यातला माणूस राहतो, सोनू सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा चार शब्द बोलत होती. मम, बाबा, भूभू आणि पापी. तिची आई करिष्मा बी.एस्सी. झालेली, स्वभावाने काळजीची. दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणाऱ्या बायका असतात. करिष्मा दूध ठेवण्याआधीच एकदा गॅस बंद करून बघायची. आपण उगाच घाबरतो, हे तिला इतक्यांनी सांगितलं होतं की आता घाबरण्यासाठीही तिला आधार लागायचा. म्हणून तिने सोसायटीच्या ग्रुपवर अगदी नम्रपणे विचारलं, की लहान मुलांच्या बोलण्यावर आणि वागण्यावर खरोखर उपयोग होतो अशा पद्धतींची विश्वासार्ह माहिती कुठे मिळेल?

चाळीस मिनिटांत एकसष्ट उत्तरं आली. त्यांत तेवीस हात जोडलेले होते. अकरा जणांचे दीर, मावसभाऊ किंवा स्वतः ते पाच वर्षांपर्यंत बोलले नव्हते आणि आता गप्प बसत नव्हते. नऊ जणांनी मोबाइल बंद करायला सांगितलं, आणि त्यासाठी मोबाइलवर बघायचा व्हिडिओ पाठवला. तळमजल्यावरच्या गिरजाबाईंनी, ज्यांच्या सासऱ्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे, वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं. "आमी समद्यांस्नी चाटवलंय, येक बी मुकं न्हाई," असा त्यांचा आवाजी मेसेज होता. चाटवलं नसतं तर किती मुकी राहिली असती, हे करिष्माने विचारलं नाही. जागेचे मूळ मालक असल्याने त्यांना सहसा कुणी काही विचारत नाही.

एवढ्या पुराव्यांत कुठला खरा, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी ज्ञानेशभाऊ पुढे आले. ते स्वतः एका सुट्या भागांच्या कंपनीत ऑडिट बघतात. त्यांनी लिहिलं, "वहिनी, नुसत्या मतांवर चालत नाही, सिस्टिम लावावी लागते." आणि पुढच्याच रविवारी क्लब हाउसमध्ये 'पुरावाधिष्ठित बालसंगोपन विश्वसनीय स्रोत निश्चिती उपसमिती' स्थापन झाली. सात सदस्य. तिघे क्वालिटीचे, दोघे मेंटेनन्सचे, एक खरेदी विभागाचे आणि एक निवृत्त, म्हणजे ज्यांना खरोखर वेळ होता ते. मुलांच्या क्षेत्रातलं कुणी घेतलं नाही, कारण अशी माणसं आधीच काही मत बनवून बसलेली असतात. सदस्यांना स्वतःची मुलं होती, पण ती बायकांनी वाढवली असल्यामुळे निःपक्षपातीपणाला बाधा येत नव्हती.

उपसमितीने नियम केले. प्रत्येक पद्धतीच्या कागदावर करणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची सही हवी. अहवालात 'कदाचित' हा शब्द चालणार नाही. गुण कधी येणार त्याची तारीख हवी. आणि आईचं निरीक्षण ग्राह्य धरलं जाणार नाही, कारण आई हा संबंधित पक्ष आहे.

करिष्माला हे सगळं पटलं. तिच्या सासरी नवस, अंगारा, उतारा यांना तीन पिढ्यांपासून थारा नव्हता. जे पटतं ते तपासून घ्या, ही शिकवण भिंतीवरच्या तसबिरीइतकीच घरातली होती. तिचा नवरा संघर्ष तर चाकणच्या कंपनीत तपासणीच्याच टेबलावर बसायचा. आणि खरं सांगायचं तर सोनूला काय झालंय याची तिला भीती वाटत होती. एकट्या बाईची भीती समितीपुढे ठेवली की ती सात जणांत वाटली जाते, आणि शिवाय तिला इतिवृत्तात जागा मिळते.

दरम्यान तिने स्वतःही शोधाशोध केली. पंधरा दिवस सोनूच्या झोपेच्या वेळात वाचून तिने एक पुस्तिका शोधून काढली. ती कसलीही जाहिरात करत नव्हती. कोणत्या मुलांवर काय करून बघितलं, किती जणांना फरक पडला आणि किती जणांना पडला नाही, हे तिच्यात सरळ लिहिलं होतं. पहिल्याच पानावर होतं, की बोलण्याचा कोणताही उपाय सुरू करण्याआधी मुलाला नीट ऐकू येतं का ते तपासून घ्या. करिष्माने नऊ पानांचं मराठी करून उपसमितीला दिलं.

उपसमितीने ते गांभीर्याने वाचलं. 'शक्यता' हा शब्द अकरा वेळा, 'मर्यादा' सहा वेळा आणि 'अजून अभ्यास हवा' हे वाक्य तीनदा आढळलं. "म्हणजे यांचं यांनाच नक्की माहीत नाही," ज्ञानेशभाऊ खेदाने म्हणाले. ज्या कागदाने स्वतःच्या चुका स्वतःच कबूल केल्या, तो कुठल्याच ऑडिटला उभा राहिला नसता. पुस्तिका फेटाळण्यात आली. कानांचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे असं सर्वानुमते ठरलं. परंतु उपसमिती बोलण्याबाबतची असल्याने कान तिच्या कक्षेत येत नव्हते. कानांसाठी वेगळी उपसमिती वार्षिक सभेत नेमण्याची शिफारस झाली.

याच सुमाराला करिष्माने एक वही केली होती. पहिल्या पानावर होतं: 'कुकरची शिट्टी झाली. सोनू पाठमोरी खेळत होती. वळली नाही.' पुढे अशा चौदा नोंदी. ती वही तिने संघर्षपुढे ठेवली आणि तपासणाऱ्याच्या जागी सही मागितली. संघर्षने वही दोनदा वाचली, सोनूकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "सही म्हणजे मी बघितलं असं होतं गं. मी तर शिफ्टला होतो." कंपनीत तो रोज न बघितलेल्या दोनशे वस्तूंवर सही करायचा. पण ही मुलगी त्याची होती, आणि सही केली असती तर ते खरं झालं असतं.

पाच महिन्यांच्या छाननीनंतर 'बोलकं अंगण बिहेवियर अँड स्पीच सेंटर' ही संस्था सर्व निकषांवर उतरली. तिची फाइल चार बोटं जाड होती. उद्घाटनाचे फोटो, दीपप्रज्वलनाचे फोटो, दीपप्रज्वलन करणाऱ्यांच्या सत्काराचे फोटो. शहाण्णव टक्के पालक समाधानी. (समाधानाचा फॉर्म प्रवेशाच्या दिवशीच भरून घेतात, कारण नंतर पालक यायचे बंद होतात.) सेंटरच्या मोनिका मॅडम फार गोड बोलायच्या. करिष्माने त्यांना विचारलं, की इथे आलेली मुलं पुढे बोलायला लागली का, ते या फाइलीत कुठे आहे?

"ते आउटकम झालं मॅडम," मोनिका मॅडम म्हणाल्या. "आमचा फोकस प्रोसेसवर असतो."

"पण मूल बोललं नाही तर?"

"आमच्याकडचं एकही मूल न बोलता परत आलेलं नाही."

मुलं परतच आली नव्हती, हे करिष्माला जिना उतरताना सुचलं. पण तोवर तिसरी सही झाली होती.

सोनू बारा आठवडे सेंटरला गेली. तिथे रंगीत चेंडू होते, आरसा होता, आणि एक ताई तिच्यासमोर बसून मोठमोठ्याने 'पोपट' म्हणायची. सोनूही तिच्या तोंडाकडे टक लावून 'पोप' म्हणायची. उपसमितीने आलेख मागवला. तो क्लब हाउसच्या फळ्यावर लागला आणि डावीकडून उजवीकडे छान चढत गेला. चार शब्दांवरून एकोणीस. जेवण, पाणी, खाऊ आणि 'मला उचल' या चौघांसाठी सोनू 'मम'च म्हणायची, त्यामुळे ते चार शब्द धरले होते. असे आलेख कसे चढवतात हे संघर्षला पुरेपूर ठाऊक होतं, आणि तरी कामावर निघताना तो रोज फळ्यापाशी थांबून तेवढी रेघ बघून जायचा. करिष्मा नोंदी करत राहिली. वहीत एकेचाळीस झाल्या.

दिवाळीनंतर संघर्षचे आईवडील भोसरीहून आठ दिवस राहायला आले. वडील विलासराव भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्रेस मशीनवर होते. त्या मशीनने लोखंडाचे किती पत्रे कापले याची नोंद कंपनीकडे आहे. त्यांचे कान कधी गेले याची कुणाकडेच नाही. आई कस्तुराबाई सातवी शिकलेल्या. त्यांना उपसमितीबद्दल, सेंटरबद्दल आणि आलेखाबद्दल सगळं सांगण्यात आलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दोन दिवस नातीकडे नुसत्या बघत बसल्या. (हे निरीक्षणही संबंधित पक्षाचंच होतं.)

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "करिष्मा, ही पोरगी डोळ्याकडं बघत न्हाई. तोंडाकडं बघती."

"लहान मुलं बघतातच ना आई."

"मम, बाबा, भूभू, पापी. समदे ओठावरचे शब्द हायेत. जे ओठावर दिसतं तेवढंच बोलती ही."

करिष्माचा हात थांबला. एवढ्या वाचनात हे तिच्या नजरेतून सुटलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ह्यांच्यासंगं चाळीस वर्षं काढलीत मी," कस्तुराबाई म्हणाल्या. "पाठमोऱ्या माणसाला हाका मारून मारून गळा बसलाय माझा."

मग त्यांनी स्वयंपाकघरातून एक स्टीलची वाटी आणि चमचा आणला. हॉलमध्ये आजोबा आणि नात सतरंजीवर शेजारी शेजारी बसून चहात बटर बुडवून खात होते. कस्तुराबाई दोघांच्या मागे उभ्या राहिल्या आणि वाटी वाजवली. एकदा, मग जोरात, मग आणखी जोरात. शेजारच्या घरातून कुणीतरी दार उघडून बघितलं. आजोबांनी बटर उलटं करून दुसऱ्या बाजूने बुडवलं. सोनूनेही बुडवलं.

सदर चाचणीस कोणतीही फाइल नव्हती, तारखेची नोंद नव्हती, आणि सही करायची तर कस्तुराबाईंना चष्मा सापडत नव्हता. करिष्माने दुसऱ्याच दिवशी सोनूला उचललं आणि रिक्षाने सरकारी दवाखान्याच्या कान तपासणी विभागात नेलं. दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत सोनूला झोपवून कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या, आणि तपासणाऱ्या बाईंनी कागद पुढे सरकवला. दोन्ही कान. कानाला मशीन लावलं तर ऐकू येईल, आणि मग बोलणं शिकवता येईल. किती दिवसांत, हे त्यांना सांगता येत नव्हतं. काही मुलं लवकर शिकतात, काही वेळ घेतात, असं त्या म्हणाल्या. (उपसमितीने त्यांना पाच मिनिटांत फेटाळलं असतं.)

"शंका पहिल्यांदा कधी आली?" त्यांनी विचारलं.

करिष्माने वही उघडून पहिलं पान दाखवलं. बाईंनी तारीख बघितली, बोटांवर मोजलं.

"अकरा महिने झाले. या वयातले अकरा महिने म्हणजे फार असतात. मग इतके दिवस काय केलंत?"

आपण तीन सह्यांची वाट बघत होतो, हे वाक्य करिष्माच्या तोंडापर्यंत आलं. तिथून पुढे ते आलं नाही.

"चौकशी करत होते," ती म्हणाली.

मशीन लागल्यावर पहिला आठवडा सोनू एकही शब्द बोलली नाही. ती नुसती ऐकत होती. पंख्याखाली उभी राहायची, नळापाशी उभी राहायची, दुधाची पिशवी कुरकुरवून बघायची. संघर्ष कामावरून आला की ती त्याची पावलं ऐकून दाराकडे वळायची, आणि तो चपला काढायच्या सोडून तिथेच बसून राहायचा. उपसमितीने या आठवड्याची नोंद 'तीव्र घसरण' अशी केली आणि खुलासा मागवला.

दोन महिन्यांनी ती 'नळ' म्हणाली. त्यात ओठांचं काहीच काम नसतं. पुढे 'आई' म्हणाली. उपसमितीचा अंतिम अहवाल त्याच आठवड्यात सादर झाला. मंजूर यादीत एकच पद्धत असल्यामुळे यशाचं श्रेय 'बोलकं अंगण'ला मिळालं. मोशीच्या नाक्यावर लागलेल्या सेंटरच्या जाहिरात फलकावर आता सोनूचा हसरा फोटो आहे. फोटोसाठी मोनिका मॅडमनी स्वतः तिचे केस दोन्ही कानांवर ओढून छान बसवले होते. करिष्माने हरकतीचा अर्ज दिला. तो योग्य त्या उपसमितीकडे पाठवण्यात आला आहे, म्हणजे कानांच्या. ती अजून नेमायची आहे.

फलक लागल्यापासून करिष्माला आसपासच्या सोसायट्यांतून फोन येतात. आजवर एकोणीस जणींनी विचारलं, की तुम्ही नक्की काय केलं? तिने एकोणीस वेळा वाटीपासून वायरींपर्यंत सगळं सांगितलं. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चुकचुकल्या, सिस्टिमला हसल्याही. मग चौदा जणींनी सेंटरचा पत्ता मागितला. तिघींनी आलेखाचा नमुना मागितला. एकीने वेखंड कुठलं ते विचारलं. आणि एकीने कान कुठे तपासतात ते विचारलं, पण लगेच म्हणाली की शेजारणीसाठी हवंय.

या एकोणीस जणींची नोंदही तिने वहीत रकाने आखून केली आहे. विसावा रकाना तिने हे वाचणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला आहे. घाई नाही. वाचक सुशिक्षित आहेत, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांच्या घरात मागून हाक मारल्यावर वळून बघत नाही असं कुणीही नाही. असलंच एखादं, तर ते मुद्दाम करतं.