पलंगाखालचा सल्लागार

ताईच्या धाकट्या भावाला नेटवर्किंगमध्ये करिअर करायचं होतं, पण काकांच्या मार्गदर्शनामुळे ते सुरू व्हायचं नाव घेत नव्हतं. पदवी घ्यावी की सर्टिफिकेट, एवढंच त्याने काकांना विचारलं आणि तिथेच माशी शिंकली. काका जन्मभर सरकारी कागदांवर शिक्के मारून निवृत्त झालेले. "दोन्ही कर. कागद कधी वाया जात नाही," ते म्हणाले. मग पदवी झाली, पदविका झाली, केबलचं, सुरक्षेचं, क्लाऊडचं अशी सर्टिफिकेटं झाली. काकांनी प्रत्येकाला फ्रेम करून भिंतीवर ठोकलं. घरातलं इंटरनेट बंद पडलं की हा विद्वान मात्र कंपनीला फोन लावून ताटकळत बसे.

शेवटी ताईने आपल्या ऑफिसात साहेबांकडे शब्द टाकला. त्यांना नेटवर्क सांभाळायला माणूस हवाच होता. फक्त एक ठरावीक सर्टिफिकेट पाहिजे म्हणाले आणि नेमकं तेच भिंतीवर नव्हतं. "शनिवारी परीक्षा देतोय, सोमवारी कागद तुमच्या टेबलावर," ताई सांगून बसली. आता तिची अब्रू भावाच्या हातात होती आणि ते हात किती भरवशाचे आहेत हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर होती. पडद्यावरच्या पर्यवेक्षकाने सुरुवातीलाच टेबलाखाली, पलंगाखाली, कपाटामागे कॅमेरा फिरवायला लावला. मग तो भिंतीपाशी अडला.

"भिंतीवरचा मजकूर काढा."

"मजकूर नाही सर, माझी सर्टिफिकेटं आहेत."

"मजकूरच आहे. काढा, मग सुरू करू," म्हणत तो पडद्यावरून गेला.

दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या ताईला तो माणूस एकदम आवडला. काका मात्र फुरंगटून आत गेले आणि फ्रेमा उतरवू लागले. शेवटचा खिळा निघता निघेना. तो निघाला तोवर पर्यवेक्षक परत आला होता.

"खोलीत एकटेच आहात ना?"

"हो," विद्वान म्हणाला. दार कॅमेऱ्याच्या समोर, तेव्हा काकांना फ्रेमांसकट पलंगाखाली शिरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"काका कुठे गेले गं?" आईने स्वयंपाकघरातून बाहेर येत विचारलं.

ताईने बंद दाराकडे बोट केलं. "आत आहेत," ती कुजबुजली.

"मग झालं कल्याण."

तरी काका बराच वेळ गप्प राहिले. हा त्यांचा आयुष्यातला विक्रम असावा. पण विद्वानाला प्रश्न पुटपुटत वाचायची खोड होती.

"खालीलपैकी एकच पर्याय निवडा..."

"एकच कशाला?" पलंगाखालून सल्ला आला. "सगळे निवडून ठेव. पुढेमागे उपयोगी पडतील."

परीक्षा तिथल्या तिथे रद्द झाली, वर वर्षभर परीक्षेला बसायची बंदी आली. काका म्हणाले, पर्यवेक्षकाकडे दूरदृष्टी नाही. ताई त्यांच्याशी रविवारभर बोलली नाही.

सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. लाजेने जीव नकोसा झाला होता, पण तिने काही न लपवता सगळं सांगून टाकलं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे वर्षभर त्याला परीक्षाच देता येणार नाही?"

"नाही, साहेब."

"मग अभ्यासासाठी रजाही मागणार नाही?"

"परीक्षाच नाही, तर कशाच्या जोरावर मागेल?"

साहेबांनी पलीकडच्या तीन रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "ते तिघेही सर्टिफिकेटवाले. तिघेही पुढच्या सर्टिफिकेटच्या रजेवर आहेत. भावाला उद्याच पाठवा."