चौथं लिंबू

शिवदास नेरूरकरने दहा वर्षांत एकही अपघात केला नव्हता, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला एकही मराठी माणूस त्याने बहारीनमध्ये शिल्लक ठेवला नव्हता. मीना सलमान बंदरातल्या गोदामातून तो कंपनीचा ट्रक चालवी. शनिवारी मॅनेजर कमालसाहेब त्याचा सत्कार करणार होते आणि लगोलग सुपरवायझरची जागा देणार होते. सुपरवायझरला एसी केबिन होती. जुलैत ट्रक हाकणाऱ्याची स्वर्गाची कल्पना याहून वेगळी नसते. अट एकच, ड्रायव्हरच्या हातून किंवा त्याच्या गाडीने कुणालाही इजा झालेली नसावी.

आता होणारा सुपरवायझर ट्रकमधून उतरला तर बरं दिसेल का? म्हणून त्याने तुबली गावातल्या गॅरेजातून एक जुनी डॅटसन घेतली. शुक्रवारी सकाळी खाली, इमारतीच्या दारातच पूजा मांडली. बायकोने, शेवंतीने, चारी टायरांपुढे लिंबं ठेवली. यजमानाने हात जोडून उभं राहायचं, म्हणून स्टिअरिंगवर शेजारचा हिलरी बसला. हिलरी वसईचा, हॉटेलात कारकून. लायसन्स मिळून त्याला आठ दिवस झाले होते. त्याला सांगून ठेवलं होतं, "नारळ फुटला की गाडी सोड."

"अवो, ता लिंबू भायर इला," शेवंती म्हणाली. "वायच आत सारा."

वाकायचा कंटाळा. शिवदासने देवाचं लिंबू पायाने सारलं. शेवंतीचा नारळ एरवी चार तडाख्यांशिवाय फुटत नसे. त्या दिवशी तो पहिल्याच तडाख्यात फुटला. हिलरीने गाडी सोडली.

"थांब! थांब रे मेल्या!"

हिलरी मोठा आज्ञाधारक. तो जागच्या जागी थांबला. टायर शिवदासच्या अंगठ्यावर होता.

"अरे, काढ गाडी!"

"आत्ताच थांब म्हणालास ना?"

"पुढे घे!"

हिलरीने पुढे घेतली. तीन लिंबं चिरडली, एक अंगठा चेचला आणि चौथं लिंबू सुखरूप गटाराकडे घरंगळलं.

"चौथा लिंबू रवला," शेवंती हळहळली. "अपशकून झालो."

"आणि माझो पाय?"

"त्येका हळद लावतंय."

संध्याकाळी रावजी समाचाराला आला. रावजी त्याच गोदामातला ड्रायव्हर, आणि केबिनवर त्याचाही डोळा होता.

"पायाक काय झाला?"

"गॅसचो सिलिंडर पडलो," शिवदास म्हणाला. त्याच क्षणी शेवंती म्हणाली, "कपाट पडला." आणि हिलरी, कुणी विचारलं नसताना, "बाथरूममध्ये घसरला."

"सगळा घर एका अंगठ्यार पडला?" रावजी म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

रात्रभर शिवदासला केबिनच्या जागी ट्रक दिसत होता. शनिवारी तो चपलेत पाय सरकवून, चेहरा हसरा ठेवून गोदामात उभा राहिला. कमालसाहेबांनी भाषण केलं. "दस साल! एक्सिडेंट मफी, एक भी नहीं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"साहब, उसका पाँव तो देखो," रावजी मागून ओरडला.

शिवदासने दुखरा पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

"पाँव? पाँव का ही तो इनाम है!" साहेबांनी खोका उघडला. आत पोलादी टोकाचे सेफ्टी बूट होते. "यल्ला, चलो, पहनो. फोटो निकालेगा."

शिवदासने डावा बूट घातला. मग गणपतीचं नाव घेऊन उजवा. अंगठा पोलादाला टेकला आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. साहेबांनीही डोळ्यांना रुमाल लावला.

"देखो! रोता है! ऐसा आदमी चाहिए सुपरवायझर. खलास!"

रावजीने सगळ्यात उशिरा टाळ्या वाजवल्या.

घरी शिवदासने बूट काढले आणि आनंदाने, की दुखण्याने, पुन्हा रडला. शेवंतीला मात्र कसलंच नवल वाटलं नाही.

"तीन लिंबांनी येवढा झाला," ती म्हणाली. "चवथा फुटला असता तर तुमी म्यानेजर झाले असतास."

गटाराकडून आणून धुतलेलं लिंबू तिच्या हातातच होतं. खालून हिलरीने डॅटसनचा हॉर्न वाजवला.

शिवदासने एक सुस्कारा टाकला, पुन्हा दोन्ही बूट चढवले आणि खाली उतरला.