रॅम्पचं उद्घाटन

अख्ख्या बेंबळीत असा रॅम्प कुणाच्या बापानं बांधला नसंल, असं आण्णासाहेब भेटंल त्याला ठणकावून सांगत होते. त्यांची पंधरा वर्षांची लेक आरोही चाकाच्या खुर्चीत फिरायची. आजवर आण्णाच तिला पायऱ्यांवरून उचलून खाली आणायचे. आता ओसरीपासून थेट रस्त्यापर्यंत उतार!

"आण्णा, मी एकटी कस्तुराबाईच्या गाड्यावर जाऊन भजी खाणार. मागं कुणी यायचं न्हाय," आरोही म्हणाली. पोरीला एवढंच पाहिजे होतं.

"आधी उद्घाटन!" आण्णा गरजले. "लेकीचा रॅम्प काय चोरून वापरायचा?"

झालं! ओसरीवर सतरंज्या, माईक, फेटे, लाल फीत, तेरखेड्याची फटाक्यांची माळ. सरपंच गुरुलिंगअप्पांसकट अर्धं गाव लोटलं. नव्या सिमेंटला आठवडाभर पाणी मारून मारून अंगणात नुसता राडा झालेला. कोरडी जागा एकच. मंडळींनी चपला तिथंच काढल्या. रॅम्पवर!

"आण्णा, चपला!" आरोही वरून ओरडली. पण भोंग्यापुढं तिचं कोण ऐकतंय?

"आजपासून आरोहीची वाट कुणी अडवू शकत न्हाय!" सरपंच कडाडले. टाळ्या! आरोहीनं कपाळावर हात मारून घेतला.

फीत कापली. "ये बाळा!" म्हणत आण्णांनी हात पसरले आणि खाली बघतात तर काय, बोट ठेवायला जागा न्हाय! त्यांचं डोकंच फिरलं. हाताला लागंल ती चप्पल त्यांनी अंगणात भिरकावली. त्या तावात स्वतःचीही!

"आण्णासाहेब, सासुरवाडीची हाय ती!"

"माझा बूट!"

अर्धं गाव पँटी आणि धोतरं वर खोचून चिखलात उतरलं. सरपंचांना दोन चपला घावल्या, दोन्ही डाव्या. त्यात कुणीतरी माळ पेटवली.

धूर सरला तर ओसरी रिकामी!

"आरोही कुठंय?" आण्णा ओरडले. रॅम्पवर चाकांच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. ते अनवाणीच पळत सुटले.

आरोही गाड्यापाशी निवांत भजी खात होती. एकटी. अशी खूश की बघत राहावं!

"आण्णा! मागं यायचं न्हाय म्हणलं होतं ना?"

"लई भ्यालो गं," आण्णा एका पायावर उभे राहून म्हणाले. दुसऱ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. पाय टेकवता येईना.

आरोहीनं उरलेलं भजं त्यांच्या हातावर ठेवलं. "धरा मागचा दांडा. पण ढकलायचं न्हाय!"

पुढं आरोही चाकं मारतीय, मागं आण्णा दांडा धरून लंगडतायत, अशी वरात घरापाशी आली. सरपंच दोन्ही डाव्या चपला घालून दारातच उभे. त्यांना एकदम गहिवरून आलं. माईक ओढून म्हणाले, "बघा मंडळी! रॅम्प बांधला तरी लेकीला मागून ढकलतोच हाय. बाप असावा तर असा!"

"ढकलत न्हाय ओ अप्पा," आण्णा कळवळले. "सोडलं तर पडंन म्हणून धरलंय!"