आलोशियसचं प्रोटेक्शन

लेकीच्या, रोवेनाच्या साखरपुड्यासाठी गिरीज गावच्या आलोशियसने नवा ॲम्प्लिफायर आणला आणि त्याच दिवशी ठरवलं, की हा काही झालं तरी जळू द्यायचा नाही. आधीचा शेजारच्या युजीनने जाळला होता. दुसऱ्या ॲम्प्लिफायरची स्पीकरला जाणारी वायर त्याने थेट याच्या माइकच्या भोकात खुपसली होती. (वर ‘वास कसला येतोय?’ हेही त्यानेच विचारलं.)

म्हणून आलोशियसने व्हिडिओ बघून इनपुटला डायोड लावले, जादा व्होल्टेज तिथेच अडावं म्हणून. आउटपुटला रिले बसवला. आवाजाने मर्यादा ओलांडली की टक्क करून स्पीकर बंद, शांत झालं की पुन्हा चालू. मर्यादा ठरवायला त्याने माइकवर बोलून पाहिलं. (बायको, क्लारा, दुपारची झोपली होती, तेव्हा जरा जपूनच बोलला.)

साखरपुड्याला क्लाराने गाणं धरलं. पहिली ओळ छान गेली. दुसरीत तिने आवाज चढवला आणि टक्क. स्पीकर गप्प. ती थांबली, स्पीकर चालू. पुन्हा चढवला, पुन्हा टक्क. नवऱ्यामुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

“बटण कोण दाबतंय?” क्लाराने विचारलं.

“कोणी नाही. प्रोटेक्शन आहे ते,” आलोशियस अभिमानाने म्हणाला.

“कशापासून?”

इथे शहाणा नवरा गप्प बसला असता.

“जास्तीच्या आवाजापासून.”

“आणि जास्त म्हणजे किती, हे कुणी ठरवलं?”

“मीच. माझ्या आवाजावरून.”

सगळ्यांत आधी विहीणबाई हसल्या, मग अख्खा मांडव.

“मग बरोबर आहे,” क्लारा म्हणाली. तिने माइक त्याच्या हातात दिला आणि माइकशिवायच गाणं पुन्हा धरलं. आवाज मांडवामागच्या केळींच्या पार पलीकडे गेला. विहीणबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला, सगळे गाऊ लागले आणि लाजून लाल झालेली रोवेनासुद्धा हसली.

उरले आभार. ते आलोशियसने माइकवरूनच मानले, त्याच जपलेल्या आवाजात. पाहुण्यांचे, व्याह्यांचे, फादरांचे. शेवटी खास क्लाराचे. रिले एकदाही टक्क झाला नाही. त्याने समाधानाने माइक खाली ठेवला.

तेवढ्यात युजीन जवळ आला. “टेस्टिंग झालं असेल तर भाषण सुरू कर बाबा,” तो म्हणाला, “लोक जेवायचे थांबलेत.”